नो पॉइंट, साहेब

“प्रश्न दुसरा.” आबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि कागद हातभर लांब धरला. “नको असताना एखादा जुना प्रसंग डोळ्यांपुढं येतो का? झोपेत नाहीतर जागेपणी?”

“न्हाई, साहेब.” सगळा हॉल एका आवाजात बोलला.

“मग लिवा तसं.”

पेनं कागदावर टेकली. शाळेच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या हुद्द्याप्रमाणे लावल्या होत्या. पुढे नायब सुभेदार, त्यांच्यामागे हवालदार, मग नायक, शेवटी शिपाई. सगळे निवृत्त. कुणी दूध डेअरीत कामाला, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे, पण त्या दिवशी एकानेही खुर्चीला पाठ टेकली नव्हती. मी सगळ्यांच्या मागे, दाराशेजारच्या टेबलापाशी, आमच्या लेकीला, तनूला, मांडीवर घेऊन बसले होते. तिथून मला माझ्या नवऱ्याची, भास्करची, फक्त मान दिसत होती. त्याला मी तोंडाने कधी नावाने हाक मारत नसे, ‘अहो’ म्हणायचे. लिहिताना मात्र नावच येतं. त्या मानेवरून मला पुष्कळ कळायचं. प्रश्न वाचला गेला तेव्हा ती ताठ झाली आणि उत्तर देऊन झाल्यावरही तशीच राहिली.

हे असं व्हायचं ठरलेलं नव्हतं. पुण्याहून दोन डॉक्टर आले होते, डॉ. शर्वरी ताम्हणकर आणि त्यांचे वरिष्ठ डॉ. वर्तक. लढाईतून, अतिरेक्यांच्या भागातून आलेल्या माणसाच्या मनात काही अडकून राहिलंय का, हे त्याने स्वतः भरलेल्या कागदावरून ओळखता येतं का, ते त्यांना तपासायचं होतं. म्हणून प्रत्येकाने आधी एकट्याने कागद भरायचा. मग शेजारच्या वर्गात डॉ. वर्तक त्याच्याशी निवांत बोलणार. त्यांनी तो कागद बघितलेला नसणार. शेवटी दोन्ही ताडून बघायचं. कागद खरा निघाला तर तो गावोगाव पाठवता येईल, प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नसला तरी चालेल, असं शर्वरी मॅडम म्हणाल्या होत्या.

मला हे माहीत होतं, कारण प्रश्नांचं मराठी मी सुधारून दिलं होतं. कराडला बी.एस्सी. झालेली सून म्हणून सरपंचांनी माझं नाव सुचवलं. त्यांच्या मूळ कागदावर ‘अनाहूत स्मृती’ वगैरे लिहिलं होतं. मी खोडून ‘नको असताना आठवणं’ केलं. एकेक प्रश्न सोपा करताना मला वाटायचं, हे लिहिणारं माणूस आमच्या घरात राहून गेलंय.

पण त्या सकाळी डॉक्टरांची गाडी उशिरा आली, निम्मे जण चष्मा विसरून आले होते, आणि आबा पुढे झाले. “मॅडम, आमच्यात कोपऱ्यात बसून एकेकटं लिहीत न्हाईत. ही काय परीक्षा हाय का? मी वाचतो, समदी एकदम लिवतील.”

शर्वरी मॅडम जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, ठीक आहे, फक्त उत्तरं मोठ्याने नकोत. आबा ‘बरं’ म्हणाले. पण सुभेदार समोर उभा राहून विचारतोय आणि शिपाई गप्प बसलाय, असं कुठे झालंय.

लग्नाच्या पहिल्या वर्षी भास्करने मला हसत हसत सांगितलं होतं. फौजेत दरबार भरतो. साहेब सगळं बोलून झाल्यावर विचारतात, कोई पॉइंट? पॉइंट म्हणजे अडचण, तक्रार. सगळे म्हणतात, नो पॉइंट, साब. खरोखर कुणाला काही म्हणायचं असेल तर ते आधीच सुभेदाराच्या कानावर घालायचं, आणि सुभेदाराने ठरवायचं की हा पॉइंट आहे की नाही. दरबारात उठून बोलणारा एक तर नवा असतो नाहीतर वेडा.

आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर आबांनी तालीमसुद्धा घेतली होती. मोठा साहेब तपासणीला येणार म्हटलं की रिहर्सल होते, तशी. गावात बातमी फिरली होती की ज्याचं उत्तर ‘होय’ येईल त्याचं बंदुकीचं लायसन अडकेल. अर्ध्या गावाची चूल बंदुकीच्या नोकरीवर. भास्करही पुढच्या महिन्यात बँकेत रुजू व्हायचा होता. आबांना पोरांना सांभाळून घ्यायचं होतं, दुसरं काही नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तसं वाटू शकतं.

आबा म्हणजे सुभेदार ज्ञानदेव कणसे. वेशीवरच्या काळ्या दगडावर गावातल्या शहिदांची नावं आहेत, त्यातलं शेवटचं त्यांच्या मुलाचं, सुहासचं. सुहास आणि भास्कर एकाच वर्गात शिकले, एकाच दिवशी भरती झाले, एकाच तुकडीत होते. शवपेटीबरोबर गावात आला तो भास्करच. त्यामुळे गावात कुठलाही कार्यक्रम असो, आबा दोन शब्द सुहासवर बोलायचे, आणि ते दोन शब्द ठरलेले होते. त्या सकाळीही बोलले. “माझा सुहास जागेवर गेला. त्याला कळलंसुदिक न्हाई. भास्कर शेजारी होता, त्यानंच सांगितलं मला. असं मरण मागून मिळत न्हाई.” सगळे उभे राहिले. भास्करही.

“प्रश्न तिसरा. आवाजानं दचकायला होतं का?”

मागून बबन नायक म्हणाला, “साहेब, बायकोच्या आवाजानं होतं. ते धरायचं का?”

हॉल हसला. आबाही हसले. “ते धरायचं न्हाई. ती ड्युटी हाय.”

भास्करही हसला असावा. त्याचे खांदे हलले. मी मात्र बघत होते, मघाशी खिडकीची झडप वाऱ्याने आपटली तेव्हा या हसणाऱ्यांतले किती जण खुर्चीतून अर्धे उठले होते ते.

*

मी त्या कागदाची वाट बघत होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तनू तेव्हा तिसरं वर्ष संपवत होती. दिवसा ती रडली की भास्कर घराबाहेर निघून जायचा. त्याचं काही वाटायचं नाही, कितीतरी बाप जातात. पण दिवेलागणीला ती रडली की तो असेल तिथून यायचा आणि तिच्या तोंडावर हात ठेवायचा. रागाने नाही. कधी एक चापट मारली नाही त्याने तिला. तळहात तोंडावर, बोटं गालावर, आणि नजर तिच्याकडे नाही, खिडकीकडे. बाहेर परसात कुणी चाललंय का ते ऐकत असल्यासारखी. थोड्या वेळाने हात काढायचा, तिचे लाल झालेले गाल कुरवाळायचा, दुकानातून क्रीमची बिस्किटं आणायचा.

पहिल्यांदा मला तो खेळ वाटला. दुसऱ्यांदा नाही वाटला. एकदा हात निघेचना. मी दोन्ही हातांनी ओढला, तिचे ओठ निळसर दिसायला लागले, आणि मी ओरडले, “भास्कर.” लग्नानंतर पहिल्यांदाच नाव घेतलं. तेव्हा त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि हात सैल सोडला. मग तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की मी इथे कशी, असा त्याला प्रश्न पडला असावा.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, “बापानं पोरीला गप केलं, त्यात काय एवढं? फौजी माणूस हाय. किरकिर सोसत न्हाई.” आणि वर, “तू जरा लई बघतीस, हेमा. एवढं बघत ऱ्हायलं की नसलेलं दिसाया लागतं.”

मी बघतच होते. तिला भूक लागायच्या आधी भरवायचे. झोप यायच्या आधी थोपटायचे. कुकर दुपारीच लावून ठेवायचे. दार आपटू नये म्हणून फटीत फडकं. सूर्य कलला की माझं लक्ष दुसरीकडे नसायचं. गेले काही दिवस तर तनू रडलीच नव्हती. मला वाटत होतं, माझी खबरदारी कामी येतेय.

पण अशी खबरदारी किती दिवस पुरणार? मी आजारी पडले तर? बाळंतपण आलं तर? भास्करला कुणीतरी जाणत्या माणसाने पकडायला हवं होतं. मी सांगितलं तर ती बायकोची चुगली झाली असती, नोकरी गेली असती आणि घराचं दार मला कायमचं बंद झालं असतं. त्याच्या हाताने त्याने लिहून दिलं तर मात्र ते त्याचंच म्हणणं. म्हणून मी ते प्रश्न इतके सोपे करून दिले होते. त्याला एक जरी ‘होय’ लिहायचं झालं तरी शब्दाची अडचण नको.

“प्रश्न शेवटचा,” आबा म्हणाले. “जे झालं त्याबद्दल सोताला दोष देता का?”

“न्हाई, साहेब.”

“कुणाला काय पॉइंट?”

“नो पॉइंट, साहेब.”

आबांनी मान हलवत कागद गोळा केले आणि कडा जुळवून शर्वरी मॅडमच्या हातात दिले. वेळेआधी काम उरकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

*

मग एकेक जण डॉ. वर्तकांकडे जायला लागला. निवांत बोलणं म्हणून जे ठरलं होतं ते बघता बघता आवरत होतं. आत गेलेला माणूस बाहेर यायचा, बाकावर बसलेल्यांना मान हलवून दाखवायचा आणि दुसरा आत. बबन बाहेर येऊन म्हणाला, “ह्येच प्रश्न हायती. फक्त इकडून तिकडून इचारतोय. गडी प्रेमळ हाय.”

भास्कर आत गेला. मी दाराकडे बघत बसले. आत्या चहाची किटली घेऊन आल्या होत्या, त्यांनी मला दोनदा हाक मारली म्हणे. तो बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. अंगणात जाऊन नळावर हात धुतले. स्वच्छ असलेले हात तो खूप वेळ धूत होता.

शर्वरी मॅडम टेबलाशी एकट्या होत्या. मी तनूला शाळेच्या पायरीवर खडू देऊन बसवलं आणि त्यांच्याकडे गेले. आवाज खाली ठेवून म्हटलं, “मॅडम, कागदावर जे आलंय ते खरं नाहीये.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “कुणाचं?”

“मला वाटतं बऱ्याच जणांचं. पण मला एकाचंच सांगायचंय.”

“तुमच्या मिस्टरांचं.” “हेमांगी, मला ऐकायचं नाही असं नाही. पण आत्ता ऐकलं तर मी ते सरांना सांगेन, आणि सरांनी बाहेरचं काहीही न कळता बोलायचं, यावरच हा सगळा अभ्यास उभा आहे. घरच्यांकडून आलेली माहिती यात धरलेलीच नाही आम्ही.”

“का नाही धरली?”

“माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते तपासायचं होतं ना.”

“कशाशी ताडून तपासताय?”

“सरांच्या मुलाखतीशी.”

“पण तिथेही तोच सांगणार आहे, स्वतःबद्दल.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. हा मुद्दा त्यांना आधीच ठाऊक होता, कुठेतरी कुणाशी तरी वाद घालून त्या हरल्या होत्या, असं मला वाटलं. त्यांनी एका चिठ्ठीवर पुण्याचा फोन नंबर लिहिला. म्हणाल्या, अभ्यास वेगळा आणि उपचार वेगळे, यांना केव्हाही घेऊन या. मग आवाज आणखी खाली आणला. “आणि एक सांगा. घरात तुम्हाला किंवा बाळाला—”

तेवढ्यात बाहेर धप्प असा आवाज आला.

तनू पायरीवरून खालच्या फरशीवर पडली होती. मी धावले. बाकावरचे दोघं-तिघं उठले होते. कपाळाला खोक पडून रक्त भुवईवरून गालावर येत होतं. चेहरा आवळून लाल झाला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, छाती वरखाली होत होती. आणि आवाज नव्हता. तिने आपला उजवा तळहात आपल्याच तोंडावर दाबून धरला होता. बोटं गालावर. नजर माझ्याकडे नव्हती. नळाकडे होती, बापाकडे.

“बघा,” कुणीतरी म्हणालं, “एवढं रगत आलं पण पोरगी रडली न्हाई.”

डॉ. वर्तकही आवाज ऐकून बाहेर आले होते. त्यांनी खाली वाकून जखम बघितली, टाके लागणार नाहीत म्हणाले, रुमाल दाबून धरला. मग प्रेमानेच म्हणाले, “किती शूर आहे. फौजीची लेक शोभते.”

मी तिचा हात तोंडावरून काढायला गेले. निघेना. एवढ्याशा हातात इतका जोर होता. गेले कित्येक दिवस ती का रडली नव्हती, ते मला तिथे, त्या सगळ्यांसमोर कळलं. माझ्या खबरदारीचा त्यात काही संबंध नव्हता.

भास्कर नळापासून चालत आला. तिच्या हाताकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला ठाऊक झालं की त्यालाही कळलंय. तो वळला, टाचा जुळवल्या आणि डॉ. वर्तकांना म्हणाला, “साहेब, पॉइंट आहे.”

बबनने हातातला कप खाली ठेवला.

आबा पुढे आले. त्यांनी भास्करच्या खांद्यावर हात ठेवला, सुहासच्या वयाच्या पोराच्या खांद्यावर ठेवायचे तसा. “बोल की रं,” ते म्हणाले. “हितं समदी आपलीच हायती. काय असंल ते बोल. माझ्यापुढं बोलायला तुला कसली चोरी?”

भास्करने त्यांच्याकडे बघितलं. त्याचे ओठ उघडले होते. शर्वरी मॅडम पटकन म्हणाल्या, “आपण आत बसून बोलू या का?” पण तो आबांकडेच बघत होता, आणि आबा त्याच्याकडे, इतक्या मायेने की मला वाटलं त्यांना तिथून कुणीतरी हाताला धरून न्यावं.

“नो पॉइंट, साहेब,” भास्कर म्हणाला.

“पोरीचं रगत बघून कावराबावरा झालाय,” आबा डॉक्टरांना म्हणाले. “बापाचं काळीज हाय.”

*

मी घरी जाऊन तनूचे कपडे पिशवीत भरले. आत्या दारात उभ्या होत्या. कुठं निघालीस म्हणाल्या. मी म्हटलं, माहेरी, हिची जखम बरी होईपर्यंत. त्या म्हणाल्या, कपाळावरच्या खोकेला माहेर लागतं होय?

कराडची एसटी चार-साडेचारला यायची. फाट्यावर मी आणि तनू बसलो होतो, समोर वेशीवरचा काळा दगड दिसत होता. भास्कर सायकलवरून आला. सायकल उभी केली, पण शेजारी बसला नाही. दगडाकडे पाठ करून उभा राहिला.

मी म्हटलं, “तुम्ही पुण्याला चला. नाहीतर मी हिला घेऊन परत यायची नाही.”

तो बोलायला लागला ते असं, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगतोय.

“ओढ्यात पडून होतो आम्ही. दोघंच मागं राहिलेलो, सुहास आणि मी. पोटात लागलं होतं त्याला. वरच्या अंगाला माणसं फिरत होती, बोलणं ऐकू येत होतं त्यांचं. हा विव्हळायला लागला. मोठ्यानं नाही. पण थांबेना.”

तनू माझ्या मांडीवर झोपली होती. मी तिच्या कपाळावरची पट्टी उगाचच नीट केली.

“मी त्याच्या तोंडावर हात ठेवला,” भास्कर म्हणाला. “त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट. ते हात काढायला धरलं होतं की ठेव म्हणून धरलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. उजाडायला लागलं तेव्हा मी हात काढला.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत भास्कर थांबला.

“आबा दर वेळी म्हणतात, जागेवर गेला, त्याला कळलं नाही. ते माझे शब्द आहेत, हेमा. पेटी उतरवताना मी बोललो. त्या शब्दांवर म्हातारा जगतोय. आज तोच कागद धरून मला विचारत होता, काय आठवतंय का म्हणून. काय लिहायचं होतं मी?”

मी सोपे केलेले सगळे प्रश्न मला आठवले. त्यातला एकही अवघड नव्हता.

“पुण्याला येतो,” तो शेवटी म्हणाला. “पण गावात कंबर दुखते म्हणून सांगायचं.”

एसटी आली. मी चढले. तो खालीच उभा राहिला आणि त्याने हात दाखवला नाही. दोन्ही हात खिशात होते.

*

तो आला. बँकेची नोकरी आम्ही सोडली, कंबरेच्या नावाखाली. पुण्याच्या त्या दवाखान्यात आम्ही वर्षभर जात राहिलो. तिथल्या व्हरांड्यात एकदा भास्करच्या शेजारच्या बाकावर बबन नायक बसलेला होता, बायकोबरोबर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“कंबर?” बबनने विचारलं.

“कंबर,” भास्कर म्हणाला.

“लई जणांची धरलीया,” बबन म्हणाला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसला. गावात या भेटीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

त्याच सुमाराला शर्वरी मॅडमचा फोन आला होता. अभ्यास पुरा झाला होता. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. “तुमच्या गावाचे कागद आणि मुलाखती तंतोतंत जुळले. त्रास असलेला एकही माणूस नाही, दोन्हीकडे. सगळ्या गावांत सगळ्यात अचूक तुमचं गाव ठरलं.” मग त्यांचा आवाज खाली आला. “सगळ्यांनी एकदम उत्तरं दिली, अशी टीप घालायला मी सांगितली होती,” त्या म्हणाल्या. “घातली नाही.” मी त्यांना दोष दिला नाही. त्यांना माझ्याकडून आणखी काहीतरी ऐकायचं होतं, पण तनू बालवाडीतून यायची वेळ झाली होती.

भास्करचा हात पुन्हा तनूच्या तोंडावर गेला नाही. दिवेलागणीला तो आता परसात जाऊन उभा राहतो आणि अंधार पडला की आत येतो. तनू अकरावीत आहे. हुशार आहे, मैत्रिणी आहेत, हसते. रडू आलं की मात्र अजूनही तिचा हात आधी वर जातो. मागच्या वर्षी तिला दहावीला मनासारखे गुण पडले नाहीत तेव्हा मी बाहेरून बाथरूमच्या दाराला कान लावून उभी होते. नळ चालू होता. बाकी काही ऐकू आलं नाही.

आबा गेल्या थंडीत गेले. त्याआधी ते बरेच दिवस अंथरुणावर होते. त्यांच्या सुनेला शेतावर जायचं असलं की मी जाऊन बसायचे. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला.

“पोरी,” ते म्हणाले, “तू शिकलेली हायस, तुला इचारतो. त्यादिशी शाळंत भास्कर म्हणला, पॉइंट हाय. मग न्हाई म्हणला. मी लई वर्सं त्येच धरून बसलोय. माझ्या सुहासचं काय होतं का ते? तुला बोलला असंल कधी. माझं पोरगं... त्याला तरास झाला का?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, स्वच्छ, जागी. इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला खरं ऐकून घेण्याची ताकद नाही. त्या क्षणी मला वाटलं, असेल कदाचित. तरी माझी पाठ आपोआप ताठ झाली.

“नाही, आबा,” मी म्हटलं. “मला कधी काही बोलले नाहीत. जागेवर गेला तो.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, त्या दिवशी कागद गोळा करताना हलवली होती तशी, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.